व्हॉल्व्ह काढला म्हणजे गाडी थंड झाली असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना आला की घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात आणि खाली 'निघण्यापूर्वी पाणी तपासा' अशी एक ओळ असते. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी पुनर्नोंदणी केलेल्या ८००, झेन आणि त्यांच्या पिढीच्या इतर गाड्या आजही रोज धावतात. अशी गाडी तापू लागली की अनेक ठिकाणी दोनच इलाज होतात: थर्मोस्टॅटचा, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट तापमानाप्रमाणे उघडणारा व्हॉल्व्ह काढून फेकायचा आणि पंखा 'डायरेक्ट' करायचा, म्हणजे स्विच टाळून सतत फिरता ठेवायचा. दोन्हींमुळे दोष झाकला जातो, जात नाही.

सुटे भाग बदलायला घेण्याआधी मालकाला एक प्रश्न विचारायला हवा: गाडी नेमकी कधी तापते? सिग्नलला किंवा कोंडीत उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा झाला की तापमानाचा काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. गावात ठीक, पण महामार्गावर ८०-९० च्या वेगात तापते, तर पंख्याचा संबंध जवळजवळ नाही, कारण त्या वेगाला वारा आपणच येतो. तिथे रेडिएटर आतून चोंदलेला, वॉटर पंप झिजलेला किंवा खालचा होज पाइप (रेडिएटर आणि इंजिन जोडणारा रबरी पाइप) आत ओढला जात असतो. थंड गाडी सुरू करून पाच मिनिटांत तापली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) गेलेले. घाटात मात्र सगळेच उघडे पडते: दुसरा गिअर, इंजिनचे फेरे जास्त, वेग कमी, म्हणजे उष्णता भरपूर आणि वारा थोडा.

सुरुवात सर्वांत स्वस्त भागापासून करावी, म्हणजे रेडिएटरच्या झाकणापासून. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो दाबाचा आहे, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. ०.९ चे झाकण शाबूत असेल तर समुद्रसपाटीला साधे पाणीसुद्धा ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग मेली, की हा दाब राहत नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या गाडीचे बघा. वर सुमारे १३७० मीटर उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते आणि निरोगी इंजिनातले पाणीही ९० च्या आसपास असतेच. म्हणजे खाली कोकणात कुरकुर न करणारी गाडी केवळ झाकणामुळे वर जाऊन वाफ सोडू शकते.

याच झाकणात मध्यभागी एक लहानशी चकती असते. इंजिन थंड होताना ती उघडते आणि रेडिएटरशेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीतले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. ती चिकटली तर बाटली 'फुल'च्या खुणेवर दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. ओळखायचे कसे? सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी वरचा होज पाइप बघा. तो चपटा झालेला असेल तर झाकण बदला. पाणी तपासणे म्हणजे बाटलीकडे नजर टाकणे नव्हे, थंड इंजिनावर झाकण काढून कूलंट तोंडापर्यंत आहे का ते बघणे.

आता पंखा. गाडी उभी करून, एसी बंद ठेवून इंजिन चालू ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा सुरू व्हायला हवा. नाही झाला तर रेडिएटरवर किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ असलेल्या थर्मोस्विचचा प्लग काढा. दोन वायरी असतील तर एकमेकींना जोडा, एकच असेल तर ती बॉडीला टेकवा आणि इग्निशन चालू करा. पंखा फिरला तर स्विच गेला. न फिरल्यास फ्यूज, रिले, अर्थची वायर आणि शेवटी मोटरचे कार्बन, या क्रमाने जा. ज्या गाड्यांत पंखा कॉम्प्युटर चालवतो तिथे ही जोडाजोडी करू नये. त्यांपैकी बहुतेकांत तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढला की पंखा आपोआप सुरू होतो. काही शे रुपयांचा स्विच वाचवण्यासाठी पंखा डायरेक्ट केला, तर मोटर दिवसभर फिरून लवकर मरते आणि ती मेल्याचे कळते ते घाटातच.

मोटर बदलताना वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजतो. त्याची परीक्षा आपल्या दैनिकाच्या अर्ध्या पानावर होते. पंखा चालू असताना पान रेडिएटरच्या समोरच्या बाजूला धरा. ते जाळीला चिकटले पाहिजे. उडून हातात आले तर वायरी बदला. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडेही अडचण म्हणून काढून टाकलेले आढळते. ते नसेल तर पंखा रेडिएटरच्या सगळ्या जाळीतून हवा न ओढता फक्त स्वतःपुढच्या गोलातून ओढतो.

थर्मोस्टॅटबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक अन्याय याच भागावर होतो. थंड इंजिनात तो बंद असतो, पाणी बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरते. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा असतो त्या तापमानाला तो उघडू लागतो. अनेक इंजिनांत त्याच्या खालच्या बाजूला आणखी एक तबकडी असते. वरची वाट उघडते तशी ती बायपास बंद करत जाते, म्हणजे गरम पाण्याला रेडिएटरमधून जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अशा इंजिनातून व्हॉल्व्ह काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरेचसे पाणी थंड न होताच परत इंजिनात जाते. सपाटीवर काटा खाली दिसतो, मालक खूश. चढ लागला की गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापते. शिवाय रोजच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जळते, ऑइलमध्ये गाळ होतो, रिंगा झिजतात.

थर्मोस्टॅट तपासायला गॅरेजही लागत नाही. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात तळाला न टेकता लोंबता ठेवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. आकड्याच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे तो उघडू लागला आणि पुढच्या बारा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला तर चांगला आहे. गाडीतून न काढता बघायचे तर थंड इंजिन सुरू करून वरच्या होज पाइपवर हात ठेवा. काही मिनिटे तो गारच हवा आणि मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे किंवा आधीच कोणीतरी काढला आहे. नवा बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवावी. अडकलेली हवा तिथूनच निघते.

रेडिएटर बाहेरून धुताना इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या पाइपने धुवावा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पत्र्या वाकतात. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत मातीचा लपका बसतो, तो समोरून दिसतच नाही. आतून चोंदला आहे का, हे गरम गाडी बंद करून, पंख्याचा प्लग काढून, जाळीवर हात फिरवून कळते. मध्येच गार पट्टे लागले तर तिथून पाणी फिरत नाही. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याचा हा परिणाम. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकी सोडवून 'रॉडिंग', म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करता येते. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असेल तर त्या फंदात न पडता नवा घ्यावा.

वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असते. तिथून गंजाचा किंवा हिरव्या कूलंटचा ओघळ आलेला दिसला की सील गेले. पुली हलवून खेळ लागला की बेअरिंग गेले. बाहेरून काहीच न दिसता आतली पाती गंजून झिजलेली असतात, असेही होते. व्ही बेल्ट अंगठ्याने जोरात दाबला असता साधारण ६ ते ९ मिलिमीटर दबावा. बेल्टच्या कडा चकाकत असतील तर तो घसरतो आहे. खालच्या होज पाइपमध्ये तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली की इंजिनचे फेरे वाढल्यावर पंपाच्या ओढीने पाइप आतल्या आत मिटतो. बॉनेट उघडून कोणाला तरी मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर धरायला सांगा, डोळ्यांना दिसेल.

सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत आणखी एक जागा बघावी लागते. गॅसचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गोठू नये म्हणून इंजिनचे गरम पाणी टी-जोड देऊन त्याच्यातून फिरवलेले असते. त्या बारीक पाइपांचे क्लॅम्प थेंब थेंब गळतात आणि रिड्यूसर रेडिएटरपेक्षा उंच बसवला असेल तर त्यात हवा अडकते.

इतके सगळे ठीक असून पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. थंड गाडी झाकण काढून सुरू करा. पहिल्या मिनिटातच तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावल्यावर इंजिन कोमट व्हायच्या आधी वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. स्पार्क प्लग काढून बघा. एखादा इतरांच्या मानाने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जाते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला म्हणून लगेच हेड खोलू नये. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणाने तो येतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल तरच काळजी. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी मिळते, जळलेला वायू लागला की तो पिवळा होतो.

हेड काढायचे ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. ॲल्युमिनियमच्या हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून मधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालावा. छोट्या इंजिनात ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक असेल तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणे, तेही लागेल तेवढेच. फेसिंगआधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्यावी, तडा गेलेल्या हेडवर लेथचा खर्च वाया जातो. बोल्टच्या भोकांतले पाणी आणि ऑइल फुंकून काढले नाही तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि त्या इंजिनच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. 'हाताचा अंदाज' इथे चालत नाही. गॅस्केट नुसते बदलून गाडी दिली आणि मूळ कारण, मग तो पंख्याचा स्विच असो की झाकण, तसेच राहिले, तर तेच हेड पुन्हा उतरवावे लागते.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, काचा खाली. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. तरी उतरत नसेल तर कडेला घ्या. वाफ नसेल आणि पंखा फिरत असेल तर एक-दोन मिनिटे आयडलवर चालू द्या. वाफ असेल, कूलंट सांडत असेल किंवा पंखा बंद असेल तर इंजिन ताबडतोब बंद. आणि एक फसवी गोष्ट: वर चढलेला काटा अचानक खाली आला तर गाडी थंड झाली असे समजू नये. पाणी संपून सेन्सर उघडा पडला की काटा असाच पडतो, आणि 'उतरला बघ' म्हणत तशीच गाडी पुढे नेल्याने इंजिन सीझ होते. झाकणाला निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. नंतर वरचा पाइप फडक्याने दाबून बघा, मऊ लागला तरच झाकण फडक्यानिशी पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब जाऊ द्या. तापलेल्या हेडवर झऱ्याचे गार पाणी ओतले की तडा ठरलेला.

कूलंट भरण्याची पद्धतही नीट हवी. सांद्र कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळावे, पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळते तेच. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. काढलेले जुने कूलंट मोजून ठेवा. गाडीचे नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडे आणि इंजिन आयडलवर ठेवून हळूहळू ओता, मधूनमधून वरचा पाइप दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. साडेतीन लिटर काढले आणि अडीचच मावले तर लिटरभर हवा आत आहे, झाकण लावायची घाई नको. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर परत तोंडापर्यंत बघून घ्या. काढलेले कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (मोटार मेकॅनिक), सातारा