गुलाब रुजला, आता काळजी करू नका

फोंडा, गोवा
आषाढ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तुझा आवाज फार उतरलेला वाटला, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. आजीलाही वाचून दाखव. तिच्या लेखी मी अजून परदेशातच आहे. 1961 च्या आधी इकडे यायला परवाना लागायचा, ते तिच्या मनातून गेलेलं नाही.

आधी गुलाबाचं सांगते. अंगणातलं झाड दादाच्या खोलीसाठी जाणार म्हणून तू कष्टी आहेस, पण शिवरात्रीला नेलेल्या काड्या इथे धरल्यात. नुकत्याच फुलून गेलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या बाबांनी नीट निवडून दिल्या होत्या. डोळ्याच्या लगेच खाली तिरका काप घेतला, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढली, आणि भरड वाळू व कोकोपीटमध्ये लावून वर बूड कापलेली पाण्याची बाटली पालथी घातली. कुंडी सावलीत ठेवली. पालवी लवकर फुटली, पण तिच्यावर भरवसा नसतो. काडीतल्या साठ्यावरही पानं येतात, मुळं मागाहून. हलकेच ओढून पाहिलं तेव्हा काडी हातात आली नाही, आणि काही दिवसांनी कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पहिली कळी मात्र मी खुडली. फार जिवावर आलं, पण मुळांना जोर हवा. हे नर्सरीतल्यासारखं दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर डोळा भरलेलं झाड नाही, त्यामुळे खालून फुटवा आला तरी तो आपल्याच गुलाबाचा असेल.

इथल्या पावसात पानांवर काळे ठिपके पडतात, म्हणून कुंड्या पडवीत घेतल्यात. आणि हो, मीही पावसात भिजत नाही.

इथल्या लोकांची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मे महिन्यात जो तो चार महिन्यांची बेगमी करायला धावतो. त्याला पुरुमेंत म्हणतात. उकडे तांदूळ, मिरच्या, कोकम, सुकी मासळी, चुलीसाठी लाकडं, सगळं माळ्यावर चढतं. आता दुकानं बारा महिने उघडी असतात, मग हे कशाला, असं मी घरमालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी पावसात नदी चढली की पलीकडे जाताच येत नसे, आणि दर्या खवळला की होड्या किनाऱ्यावर. यांत्रिक होड्यांना तर आजही 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते. मडगावला यासाठी वेगळी जत्राच भरते. सांगलीकडचं माणूस पावसाची वाट बघत बसतं, इथली माणसं त्याच्यासाठी घर भरून ठेवतात. माझ्यासाठीही बाईंनी कोकमांची बरणी बाजूला काढली आहे. तेव्हा मी उपाशी राहते हा विषय आता बंद कर. रात्रपाळीत कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते, हेही आत्याला सांग.

दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. कंपनीत त्याच आठवड्यात तपासणी आहे, रजा नाकारली. एकुलत्या बहिणीशिवाय कार्य होतंय याचं मलाही वाईट वाटतं, पण सारखं तेच बोलू नका. स्लॅबसाठी वीस हजार आज बाबांच्या खात्यावर टाकलेत. बाकीचे गणपतीत येताना आणते. सोसायटीचं कर्ज काढू नका.

कराडच्या मुलाचा फोटो पाहिला. गणपतीत भेटायला माझी ना नाही. पण लग्नानंतर नोकरी सोडायची अट असेल तर त्यांना आत्ताच नाही कळवा, उगाच आशेवर ठेवू नका. त्याच वेळी रुजलेली एक कुंडी आणते, ती वहिनीच्या खिडकीशी ठेवू. गवंडी यायच्या आधी जुन्या झाडाच्या आणखी चार काड्या तेवढ्या लावून ठेव, वाळू ओली राहील एवढंच पाणी घाल.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुझी,
सुमी