वाचून खेळायच्या गेम्सना पण पुरवणीत जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत पुस्तकं येतात, नाटकं येतात, हल्ली ओटीटीवर काय बघायचं ते पण येतं आणि मी ते सगळं वाचतो, पण वाचून खेळायचे गेम्स, म्हणजे ज्याला इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात, त्याबद्दल कधी एक ओळ पण आलेली बघितली नाही. दर आठवड्याला नको, महिन्यातून एकदा एका गेमची शिफारस छापा, एवढंच मागणं आहे. आता का ते जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना हा प्रकारच माहीत नाही.

यात बहुतेक वेळा चित्रं नसतात. स्क्रीनवर लिहून येतं की तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर असं असं आहे, आणि मग तुम्ही टाईप करायचं, उत्तरेला जा, कंदील उचल, दार उघड (इंग्रजीतून अर्थात), की गोष्ट तशी पुढे सरकते. दुसऱ्या प्रकारात टाईप करायचं नसतं, दोन-तीन पर्याय दिलेले असतात त्यातला एक दाबायचा. आमच्या वेंगुर्ल्याच्या माणसाला समजवायचं तर मी सरळ दशावतार सांगतो, आख्यान ठरलेलं, राजा कोण राक्षस कोण ते ठरलेलं, पण संवाद लिहिलेले नसतात, समोरचा काय बोलतो त्यावर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. इथे त्यातलं एक पात्र तुम्ही असता.

सुरुवात १९७५-७६ च्या आसपास अमेरिकेत झाली. विल क्रॉथर म्हणून प्रोग्रामर होता, आजच्या इंटरनेटच्या आधीचं जे अर्पानेट त्यावर काम करायचा, आणि गुहांमध्ये शिरायचा नाद, केंटकीतल्या मॅमथ केव्हचे नकाशे करणाऱ्यांत तो होता. घटस्फोट झाल्यावर मुलींसाठी काहीतरी करावं म्हणून त्याने त्याच गुहेवर गेम लिहिला, १९७७ मध्ये डॉन वूड्सने तो वाढवला, मग एमआयटीतल्या मंडळींनी झॉर्क नावाचा असाच गेम केला आणि १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी काढली. ती १९८९ मध्ये बंद पडली आणि धंदा म्हणून हा प्रकार संपला असंच सगळ्यांना वाटलं. माझं मत विचाराल तर उत्तम काम त्याच्या नंतर झालंय, कारण १९९३ मध्ये ग्रॅहॅम नेल्सन यांनी इन्फॉर्म नावाचं गेम लिहायचं साधन फुकट देऊन टाकलं, १९९५ पासून दरवर्षी आयएफकॉम्प ही स्पर्धा सुरू झाली, आणि ज्याला लिहायची हौस तो लिहायला लागला. स्पर्धेत परीक्षक म्हणजे कोणीही खेळणारा माणूस, निदान पाच गेम्सना मार्क द्यायचे, आणि मार्क पहिल्या दोन तासांच्या खेळावरच द्यायचे. या दोन तासांच्या नियमामुळे तिथले बरेचसे गेम्स एका संध्याकाळी संपतात, हा आपला फायदा.

आता खरी अडचण. फोनवर शोधायला गेलात तर वर येतात ते जाहिरातवाले, चांगला पर्याय दाबायचा तर पैसे टाका म्हणणारे, ते दोन बघून माणूस म्हणतो हेच काय ते आणि सोडून देतो. चांगल्यांची यादी आयएफडीबी नावाच्या वेबसाईटवर आहे, २००७ पासून, तिथे खेळणारेच परीक्षणं लिहितात आणि मनापासून लिहितात. पण तिथे हजारोंनी गेम्स आहेत आणि ज्यांना सर्वात जास्त स्टार आहेत ते नवीन माणसाने पहिले खेळावेत असे असतातच असं नाही, बरेच तर मुरलेल्या लोकांसाठी आहेत. म्हणून मला वाटतं शिफारस माणूस बघून करायची.

म्हणजे कशी, तर इंग्रजीची भीती वाटणाऱ्याला मी लॉस्ट पिग देतो. २००७ च्या आयएफकॉम्पचा विजेता. ग्रंक नावाचा एक ऑर्क (इंग्रजी गोष्टींतला राक्षसासारखा प्राणी) हरवलेलं डुक्कर शोधायला निघतो आणि सगळी गोष्ट तोच सांगतो, त्याच्या मोडक्या तोडक्या इंग्रजीत, छोटी छोटी वाक्यं, त्यामुळे आठवी-नववीच्या पोराला पण पेलतं. शिवाय तुम्ही काहीही वेडंवाकडं टाईप केलंत तरी त्याला ग्रंककडे उत्तर असतं, लिहिणाऱ्याने केवढा विचार केलाय ते तिथे कळतं.

कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याला, ज्याला कोडी नको असतात, त्याला ॲडम केड्रे यांचा फोटोपिया, १९९८ चा, तासाभराचा आहे, कोडी जवळपास नाहीतच. त्याबद्दल आणखी काही सांगत नाही, सांगितलं तर वाट लागेल. नाटकवाल्यांना एमिली शॉर्ट यांची गलाटिआ, सन २०००, यात तुम्ही प्रदर्शनात एका पुतळ्यासमोर उभे असता आणि तो पुतळा बोलतो, बस्स एवढंच, पण काय विचारता, कधी गप्प बसता, कधी विषय बदलता त्यावर शेवट वेगळा, असे कितीतरी शेवट आहेत. माझ्या मते पात्र कसं उभं करावं हे शिकायला यासारखं दुसरं नाही.

भुताखेतांच्या गजालीत रमणारे आमच्याकडे घरोघर आहेत, त्यांना मायकेल जेन्ट्री यांचा अँकरहेड, १९९८ चा. समुद्राकाठचं गाव, पाऊस, नवऱ्याला वारशात मिळालेलं जुनं घर आणि त्या घराण्याचं काय काय दडलेलं, कोकणातल्या माणसाला यातलं काय परकं वाटणार सांगा. फक्त तो मोठ्यांसाठीच आहे, लहान मुलांना देऊ नका, आणि जवळ कागद-पेन्सिल घेऊन नकाशा काढत खेळा नाहीतर हरवाल. आणि ज्यांना फोनवर चकाचक दिसणारं हवं त्यांनी पैसे देऊन एटी डेज घ्यावा, इंकल कंपनीचा, २०१४ चा, ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून, मेग जयंत यांनी लिहिलेला, पाच लाखांहून जास्त शब्द आहेत त्यात, आणि तुम्ही जगाची फेरी मारायला निघालेल्या साहेबाचे नोकर असता ही मोठी गंमत.

आणखी दोन गोष्टी आपल्यासाठी महत्त्वाच्या. जूनमध्ये वारा सुटला की आमच्याकडे लाईट जाते, मागोमाग नेटवर्क जातं. हे जुने गेम्स एवढे लहान की इन्फोकॉमच्या सुरुवातीच्या गेमची फाईल १२८ केबीच्या वर जायची नाही, एकदा उतरवून ठेवली की नेट नसताना खेळा. आणि दुसरं म्हणजे माझ्या मित्राच्या भावाला दिसत नाही, बाकीचे गेम्स त्याच्यासाठी बंदच, पण हे सगळे शब्दच असल्यामुळे तो स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावून खेळतो आणि आम्हाला अडलं तर आम्ही त्याला विचारतो. अशी मुलं तुमच्या वाचकांच्या घरात पण असतील, त्यांच्यापर्यंत हे पोचायलाच हवं.

मराठीत का नाही असं कोणी विचारेल. टाईप करायचे गेम्स मराठीत आणणं कठीण आहे, कारण दिवा उचल म्हटलं की दिवा, पण तेल घालायचं तर दिव्यात, म्हणजे प्रत्येक वस्तूची रूपं प्रोग्रामला शिकवावी लागतील. तरी स्पॅनिश, इटालियन, जर्मन लोकांनी आपापल्या भाषेसाठी इन्फॉर्म वळवून घेतलंय. पर्याय दाबायच्या गेम्सना ही अडचण नाहीच, ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये ट्वाईन नावाचं असे गेम करायचं साधन काढलं ते फुकट आहे, त्यातून साधं वेबपेज तयार होतं, देवनागरी नीट दिसते, प्रोग्रामिंग न येणारी शिक्षिका सुद्धा त्यात गोष्ट करू शकेल. पण आधी चार चांगले खेळलेले असले तरच कोणी पाचवा लिहील ना.

सदरासाठी वेगळा लेखक नेमायची गरज नाही, वाचकांकडूनच मागवा. प्रत्येकाने एवढंच लिहायचं, गेम कोणासाठी, किती वेळ लागतो, इंग्रजी किती जड, फुकट की विकत, मुलांना चालेल का, आणि शेवट फोडायचा नाही ही अट कडक ठेवा. तुमचा होकार आला तर लॉस्ट पिगवरचं पहिलं टिपण दीडशे शब्दांत मी पाठवतो.

कळावे,
आपला एक वाचक, वेंगुर्ला