इंडेक्सिंग बंद करण्याआधी

प्रति,
मा. संपादक

विषय: संगणकातील फाइल शोधण्याचे सॉफ्टवेअर आणि मराठी मजकूर

महोदय,

पीसी स्लो झाला म्हणून दुरुस्तीला टाकला की पहिला उपाय बहुधा ठरलेला असतो: 'विंडोज सर्च'ची, म्हणजे फाइलींची शोधसूची (इंडेक्स) करणारी, सर्व्हिस बंद. पीसी थोडा हलका होतो हे खरे. पण आठवडाभरात फाइली सापडेनाशा होतात आणि मग नव्या सर्च सॉफ्टवेअरची चौकशी सुरू होते. नाशिकच्या सीबीएस भागातली वकिलांची कार्यालये असोत की अंबड-सातपूरचे कारखाने, अडचण हीच. असे सॉफ्टवेअर शोधाच्या क्षणी डिस्क चाळत नाही, आधी करून ठेवलेला इंडेक्स चाळते. इंडेक्समध्ये जे नाही ते डिस्कवर असूनही मिळणार नाही. म्हणून किंमत नंतर विचारावी. आधी इंडेक्स कशाचा होतो ते विचारावे.

फाइलचे नाव, निदान नावातला एखादा आकडा आठवत असेल तर व्हॉइडटूल्सचे 'एव्हरीथिंग' पुरेसे आहे, आणि ते फुकट आहे. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची डिस्क-मांडणी) ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असतेच. एव्हरीथिंग फोल्डरमागून फोल्डर न फिरता ते टेबलच वाचते, त्यामुळे दहा लाख फाइलींचे काम साधारण मिनिटभरात उरकते. ड्रॉइंग नंबर नावाच्या मध्यभागी असला तरी सापडतो. विंडोजचा शोध एरवी शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, त्याला आकड्याच्या दोन्ही बाजूंना फुली, म्हणजे स्टार (*), द्यावी लागते. हे टेबल वाचायला ॲडमिन अधिकार लागतात, म्हणून इन्स्टॉल करतानाच 'एव्हरीथिंग सर्व्हिस'वर टिक करावी. एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीतला पेन ड्राइव्ह आणि सर्व्हरवरचा शेअर्ड फोल्डर यांना हे टेबल लागू नाही. ते एव्हरीथिंगच्या ऑप्शन्समधल्या 'फोल्डर्स'मध्ये हाताने जोडून रीस्कॅनची वेळ ठरवून द्यावी.

नाव आठवत नाही, आतला मजकूर आठवतो, तेव्हा विंडोज सर्च आधी नीट लावून पाहावे. नेहमीच्या 'क्लासिक' मांडणीत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढेच इंडेक्स होते. आपल्याकडे काम सगळे डी ड्राइव्हवर! कंट्रोल पॅनेलमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स', तिथे 'मॉडिफाय', आणि कामाच्या फोल्डरवर टिक. बॅकअपचे फोल्डर सोडावे, नाहीतर एक दावा चार वेळा दिसतो. मग 'ॲडव्हान्स्ड'मधल्या 'फाइल टाइप्स'मध्ये हव्या त्या प्रकारासमोर 'इंडेक्स प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स' निवडलेले आहे ना, ते पाहावे. पहिला इंडेक्स व्हायला काही तास लागू शकतात. कोणी टाइप करत असताना तो मुद्दाम हळू चालतो, म्हणून रात्रभर पीसी चालू ठेवलेला बरा. काम चालू असताना वीज जाऊन इंडेक्स बिघडला तर 'रीबिल्ड', आणि पुन्हा तेवढीच वाट.

दोन-तीन फोल्डरपुरताच मजकूर शोधायचा असेल तर 'डॉकफेचर' आटोपशीर आहे. फोल्डर निवडून त्याचा इंडेक्स आपणच करायचा. मात्र ते जावा या प्लॅटफॉर्मवर चालते आणि अवजड पीडीएफवर त्याची मेमरी संपू शकते.

एवढे करूनही मराठी मजकूर सापडत नाही, आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो. जुन्या फाइली कृतिदेव, श्री-लिपी अशा फॉन्टमध्ये आहेत. तिथे मराठी दिसते, पण साठवलेले असते वेगळेच. कृतिदेवमधला 'काम' हा शब्द फाइलीत डी, के, ई या तीन रोमन अक्षरांचा असतो. इंडेक्समध्ये तेच जाते, म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात, 'काम' शोधून काही हाती लागत नाही. कृतिदेवच्याच कळा सर्चच्या चौकटीत दाबल्या तर लागते. 'खरेदीखत' आणखी अवघड. कृतिदेवचा 'ख' चौकटी कंसाने सुरू होतो आणि इंडेक्स करणारे प्रोग्रॅम कंसाला विरामचिन्ह समजून टाकून देतात. दुसऱ्या 'ख'पाशी शब्दाचे दोन तुकडे होतात. ज्या फाइली खरोखर लागतात तेवढ्या तरी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्यात. मूळ प्रत ठेवावी, कारण कन्व्हर्टर जोडाक्षरे चुकवतात.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. 'शेतकऱ्यांचा' यातला अर्धा र काही कीबोर्ड स्वतंत्र ऱ आणि हलंताने लिहितात, तर काही साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. 'ॲड.'मधल्या ॲचेही तसेच, म्हणजे वकिलांच्या फाइलींत पानोपानी. अशा वेळी पूर्ण शब्द टाकण्यापेक्षा 'शेतक' एवढेच टाकून पुढे फुली द्यावी. एका कार्यालयात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरला तर हा घोळ निदान पुढे वाढत नाही.

स्कॅन केलेले सातबारे आणि जुने दस्त हे फोटो असतात, त्यांत मजकूरच नसतो. टेसरॅक्ट या फुकट ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, मराठीची डेटा फाइल मिळते. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) सरळ स्कॅन केलेल्या छापील पानावर ते बऱ्यापैकी चालते. तलाठ्याच्या हस्ताक्षरावर भिस्त ठेवू नये. विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरची परीक्षाही सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. तिथे कचरा उमटला तर इंडेक्समध्येही कचराच जाणार, मग सॉफ्टवेअर कितीही महाग असो. आपल्या दहा-बारा फाइलींवर चाचणी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावे.

शेवटचे, पण दुर्लक्षित: मजकुराच्या इंडेक्समध्ये अशिलांच्या कागदपत्रांतले शब्द उतरलेले असतात. जुना पीसी विकताना फक्त डी ड्राइव्ह पुसला तर विंडोजचा इंडेक्स सी ड्राइव्हवर तसाच राहतो. तोही पुसावा.

आपला,
संगणक देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक
नाशिक