सुरक्षित ॲप सुचवताना एवढे तरी सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खासगीपणा जपणाऱ्या ॲप्सच्या याद्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात, आपल्याही तंत्रज्ञानाच्या पानावर येतात. मी त्या आवडीने वाचते. पण त्यांत ॲपचे नाव, दोन ओळींची स्तुती आणि ‘पूर्णपणे सुरक्षित’ असा शेरा, यापलीकडे फारसे काही नसते. वाचक त्या शेऱ्यावर विसंबून आपले फोटो, पत्रव्यवहार आणि पासवर्ड त्या ॲपच्या स्वाधीन करतात, म्हणून हे पत्र.

माझ्या मते कोणतेही ॲप निवडताना सर्वांत आधी एक प्रश्न विचारायला हवा: उद्या कोणी मागणी केली, चोरी केली किंवा दबाव आणला, तर आपल्याबद्दलचे काय काय त्याच्या हाती लागेल? सिग्नल हे संदेश पाठवण्याचे ॲप बनवणाऱ्यांना २०१६ मध्ये वापरकर्त्यांची माहिती मागणारे समन्स अमेरिकेत आले. खाते कधी उघडले आणि ते सर्व्हरला शेवटचे कधी जोडले गेले, एवढेच त्यांना देता आले, कारण त्यापलीकडे त्यांनी काही साठवलेलेच नव्हते. मुलवाड या व्हीपीएन सेवेच्या (व्हीपीएन म्हणजे आपली इंटरनेट जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेऊन आपला ठावठिकाणा झाकणारी सोय) गोथेनबर्गच्या कार्यालयात एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले आणि रिकाम्या हाताने परतले. ही सेवा ईमेलचा पत्तासुद्धा विचारत नाही, फक्त एक खाते क्रमांक देते. ‘आम्ही कोणाला काही देणार नाही’ असे वचन कंपनीचा कारभार बदलला की बदलू शकते. जे साठवलेलेच नाही ते मात्र नवा मालकही देऊ शकत नाही.

याच्या शेजारी प्रोटॉन मेल या स्विस ईमेल सेवेचे उदाहरण ठेवते. ही सेवा मला चांगली वाटते, आजही मी ती सुचवेन. पण २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या अधिकाऱ्यांच्या आदेशावरून तिला फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे माणसाचा माग लागू शकेल असा इंटरनेट जोडणीचा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. पत्रांचा मजकूर एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, असल्याने तो हाती लागला नाही, पत्ता मात्र गेला. नंतर प्रोटॉनने आपल्या संकेतस्थळावरचा आयपी पत्त्यांबाबतचा दावा बदलला. कंपनी स्विस आहे म्हणून निर्धास्त राहा, असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आणि क्रिप्टो एजी हे नावही विसरू नये. संदेश गुप्त ठेवणारी यंत्रे अनेक देशांच्या सरकारांना विकणारी ही स्विस कंपनी अनेक वर्षे अमेरिकी आणि जर्मन गुप्तचर संस्थांच्या मालकीची होती, हे २०२० मध्ये उघड झाले.

संदेशांच्या ॲप्सबाबत तर इतका गोंधळ आहे की काळजी वाटते. टेलिग्रामला सरसकट ‘गुप्त’ म्हटले जाते. प्रत्यक्षात तिथल्या नेहमीच्या गप्पांना आणि ग्रुपना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांखेरीज कोणालाही, अगदी कंपनीलाही, वाचता येऊ नये अशी सोय नाही. ते हवे असेल तर प्रत्येक व्यक्तीशी वेगळी ‘सीक्रेट चॅट’ सुरू करावी लागते, आणि ती किती जण करतात? उलट व्हॉट्सॲपमध्ये २०१६ पासून सगळ्या संदेशांना सिग्नलच्याच पद्धतीचे एन्क्रिप्शन आहे. मात्र कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलते ही नोंद त्याने झाकली जात नाही. शिवाय क्लाउडवरचा बॅकअप एन्क्रिप्ट करण्याची सोय आपण स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते. घरच्या सगळ्यांना नव्या ॲपवर आणणे जमत नसेल, तर निदान एवढे तरी आजच करता येते. ज्या ॲपवर आपले एकही माणूस नाही, ते कितीही उत्तम असले तरी रोजच्या उपयोगाचे नाही, हेही याद्या करणाऱ्यांनी मान्य करावे.

दुसरी गोष्ट पैशांची. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचे फुकट व्हीपीएन ॲप लोक संरक्षण म्हणून वापरत होते, आणि लोक कोणती ॲप्स किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुकला मिळत होती. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकली. त्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षणाच्या नावाखाली पाळत ठेवली जाते तेव्हा मला सर्वाधिक संताप येतो, कारण तिथे सावध माणूसच फसतो. याचा अर्थ फुकट ते सगळे वाईट असा नव्हे. सिग्नल ना-नफा संस्था चालवते आणि तिचा मोठा आधार देणग्यांचा आहे. खर्च कोण भागवतो हे उघडपणे सांगितलेले असावे, इतकेच.

आणि मालक बदलतात. सिंपल मोबाइल टूल्स ही अँड्रॉइडवरची साधी, जाहिरातमुक्त ॲप्स २०२३ च्या अखेरीस विकली गेली. त्यांचा सोर्स कोड, म्हणजे ॲप ज्यातून बनते ती मूळ संगणकीय लिखावट, सर्वांना खुला होता म्हणून इतरांना ‘फॉसिफाय’ नावाने ती पुढे चालवता आली. स्किफ ही एन्क्रिप्टेड मेल सेवा २०२४ मध्ये नोशन या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली आणि त्याच वर्षी बंद केली. तेव्हा आपला डेटा सहज बाहेर काढता येतो का, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

सगळे पासवर्ड एका तिजोरीत जपून ठेवायला बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी या ॲप्सपैकी एक घ्यावे, दोन्हींचा कोड खुला आहे. ही तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड मात्र लांबलचक हवा. लास्टपास या अशाच सेवेतून २०२२ मध्ये ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हा आतले पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांच्यापुढे खरा धोका उभा राहिला.

आपल्याला विनंती अशी की यादीतल्या प्रत्येक ॲपपुढे मालक कोण, उत्पन्न कशाचे, काय साठवले जाते आणि स्वतंत्र तपासणीचा अहवाल उपलब्ध आहे का, एवढे छापावे. ॲप स्टोअरवरचा गोपनीयतेचा तक्ता कंपनीने स्वतःच भरलेला असतो, त्यावर विसंबू नये. एक्सोडस प्रायव्हसी ही संस्था अँड्रॉइड ॲप्समधले ट्रॅकर, म्हणजे वापरकर्त्याचा माग ठेवणारे कोड, शोधून दाखवते, तिथे बातमीदाराला काही मिनिटांत पडताळणी करता येईल. यादीवर तारीखही असावी, आणि आपण सुचवलेले ॲप पुढे विकले गेले किंवा त्याचे धोरण बदलले, तर त्याची बातमी त्याच पानावर द्यावी. आजवर जी ॲप्स सुचवली आहेत त्यांच्यापासूनच ही फेरतपासणी सुरू करावी.

आपली,
एक नियमित वाचक