काकू, तुमचा फोमचा तुकडा परत करायचाय

ती. काकूंना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या रविवारी मी नुसतं तोंड उघडलं, तर तुम्ही मला कुंडीतल्या गोगलगायी दाखवायला मागच्या अंगणात घेऊन गेलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आता ऐकून घ्यावंच लागेल.

ऑक्टोबरमध्ये मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याकडे एक्सेलची शीट होती. इंग्लंडहून गाडीने फ्रेंच आल्प्समधल्या ले मेन्यूइरला, फेब्रुवारीच्या हाफ टर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, स्कीइंगला. शुक्रवारी शाळा सुटली की निघायचं, रात्रभर आळीपाळीने गाडी चालवायची, शनिवारी दुपारी थेट बर्फात. रकान्यांना रंगसुद्धा दिले होते. खरं सांगते, मला सल्ला नको होता, शाबासकी हवी होती.

तुम्ही चष्मा चढवून दोन मिनिटं शीट वर-खाली केलीत आणि विचारलंत, "यात घड्याळ कुठे पुढे केलंयस?"

फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे. एवढं सगळं मांडून तो तास माझ्या शीटमध्ये नव्हताच. मग तुमचा दुसरा प्रश्न आला, "तुमच्यात सगळ्यात सावकाश कोण?" मी म्हटलं, सासूबाई, चौऱ्याहत्तर वर्षं, दोन्ही गुडघे बोलतात. "मग वेळापत्रक त्यांचं करायचं. तुमचं नाही, गाडीचं नाही." आणि शीट मिटून तुम्ही पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने सगळं नव्याने लिहायला घेतलंत. तो कागद माझ्याकडे अजून आहे. वर तुमचं वाक्य आहे, दोनदा अधोरेखित: "नऊशे किलोमीटर कोणीही चालवतं. तयारी शेवटच्या तीसांची."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही शनिवारचं गणित सांगितलंत तेव्हा थोडं उमगलं. आल्प्समधली बहुतेक भाड्याची घरं शनिवार ते शनिवार मिळतात. म्हणजे एक लोंढा उतरत असतो, दुसरा चढत असतो, आणि ले मेन्यूइर ज्यात आहे त्या तारांतेज खोऱ्यात जाणारे सगळे अल्बर्व्हिल आणि मूतिए या दोन गावांवरूनच जातात. 1992 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी तिथला रस्ता रुंद केला, तरी फेब्रुवारीतल्या शनिवारी तो तुंबतोच. (मूतिए हे नाव मराठी कानाला जरा अवघडच. मुलांनी ते एकदा ऐकलं आणि पुढचे चार महिने घरात दुसरा विनोद झाला नाही.) मला कायम वाटायचं की सुट्ट्या म्हणजे आपल्या सुट्ट्या. फ्रान्समध्ये शाळांचे तीन विभाग असतात आणि त्यांच्या हिवाळी सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत पडतात, हे तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं. बिझाँ फ्यूते, म्हणजे हुशार गवा, हेही तुमच्याकडूनच कळलं. 1976 पासून फ्रेंच सरकार या नावाने रस्त्यावरच्या गर्दीचा अंदाज देतं. हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा. काळा दिवस म्हणजे घरी बसा.

तुमच्यामुळे आम्ही रविवार ते रविवार मिळणारं घर शोधलं. पर्याय कमी होते, स्वयंपाकघर काडेपेटीएवढं मिळालं, पण मिळालं. शुक्रवारचा मुक्काम रॅन्समध्ये, शनिवारचा शाँबेरीत, रविवारी सकाळी उजेडात घाट. माझ्या नवऱ्याला वाटेतल्या दोन हॉटेलांचा खर्च खुपत होता. त्याला तुम्ही जे सांगितलंत ते इथे लिहीत नाही. त्यानंतर तो विषय निघाला नाही एवढं खरं.

सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय, म्हणून शेंगेन व्हिसा. निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. सोबत निदान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा हवा. हे सगळं मी नाताळनंतर बघणार होते. तुम्ही फोन करून करून नोव्हेंबरात करायला लावलंत. आपल्या विम्यात "हिवाळी खेळ" हा शब्द आहे का, हेही तुम्हीच विचारलंत. नव्हता. उतारावर पडून पाय मोडला तर तिथून खाली आणण्याचे पैसे फ्रान्समध्ये आपल्याला भरावे लागतात आणि इथलं सरकारी आरोग्य कार्ड त्याला चालत नाही, हे मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आणि बर्फात चाकांना लावायच्या चेन. त्याबद्दल मात्र मी तुमच्यावर मनातून चिडले होते, आता सांगायला हरकत नाही.

फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या ठरावीक गावांमध्ये 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर हवेत, नाहीतर निदान दोन चाकांच्या चेन किंवा कापडी मोजे जवळ हवेत. हा नियम 2021 पासूनचा. आमच्या टायरवर तीन शिखरं आणि बर्फाचा कण असलेलं चिन्ह नाही, म्हणून चेन घेतल्या. मला वाटलं झालं काम. खोक्यावर चित्रं असतात की. तुम्ही म्हणालात, "खोकं उघड. आत्ता. माझ्या दारात." पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली आणि चेन उलटी बसली. दुसऱ्यांदा बावीस. तिसऱ्यांदा तुम्ही मुद्दाम संध्याकाळी साडेसहाला बोलावलंत, पाऊस लागलेला, आणि स्वतः छत्री धरून पायरीवर उभ्या राहिलात. मी म्हटलं, काकू, टॉर्च तरी धरा. तुम्ही म्हणालात, "तिथे मी नसेन." नवऱ्याला यातलं काही येऊ नये असंही तुमचं मत होतं. दोघांना थोडं थोडं येत असलं की दोघं एकमेकांना शिकवत बसतात, म्हणे! त्या दिवशी अकरा मिनिटं लागली. मग तुम्ही आतून कपाळाला बांधायचा दिवा, भांडी घासायचे पिवळे लांब हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायचा फोमचा निळा तुकडा आणून दिलात. लोकरीचे मोजे भिजतात आणि मग बोटं चालत नाहीत, रबराचे घाल, म्हणालात.

तर शुक्रवारी निघालो. फोकस्टनला फ्रेंच पासपोर्ट तपासणी इंग्लंडच्या बाजूलाच होते, त्यामुळे गाडी आगगाडीत चढवली की समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे सरळ रस्त्यावर. पस्तीस मिनिटं. चीजची सँडविचं आम्ही त्याआधीच संपवली. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, अगदी सँडविचमध्येसुद्धा, हे तुमच्या कागदावर होतं. धाकट्याने शेवटचं अर्धं सँडविच एकनिष्ठेने उभ्या-उभ्या खाल्लं.

पुढची गंमत तुम्हाला भेटल्यावर निम्मीच सांगितली होती, आता पूर्ण सांगते. आपली गाडी उजव्या स्टीअरिंगची, फ्रान्समधले टोलनाके डाव्या हाताला. दहा वर्षांखालच्या मुलाला तिथे पुढे बसवता येत नाही, आणि आमची मोठी नऊची, धाकटा सहाचा. म्हणजे पुढची डावी सीट सासूबाईंची. गुडघे लांब करता यावेत म्हणून तुम्ही त्यांना तिथे बसवायला सांगितलं होतंत. पण टोलचं खातं आपोआप त्यांच्याकडे गेलं! कॅलेवरून निघाल्यावर पहिल्या नाक्यावर तिकीट घ्यायचं, ते जपायचं आणि पुढे बाहेर पडताना मशीनला द्यायचं. हरवलं तर सगळ्यात लांबच्या अंतराचे पैसे. त्यांनी तिकीट चष्म्याच्या घरात ठेवलं आणि दर अर्ध्या तासाने घर उघडून बघितलं. रॅन्स येईपर्यंत त्या मशीनला "मेर्सी" म्हणायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एका नाक्यावर मी रांग चुकवून टॅगवाल्या लेनमध्ये शिरत होते, तर त्याच ओरडल्या, "अगं, ती नको, त्यावर नुसता टी आहे!" एरवी प्रवासात त्या डोळे मिटून बसतात. या वेळी अख्खा फ्रान्स जागेपणी पाहिला.

दर दोन तासांनी थांबायचं हेही त्यांच्यासाठीच होतं. फायदा माझा झाला. गाडी उजवीकडून चालवायची ही गोष्ट बोगद्यातून बाहेर पडताना कोणी विसरत नाही. विसरायला होतं ते सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोलपंपातून बाहेर पडताना. तुम्ही स्टीअरिंगवर चिठ्ठी चिकटवायला लावली होतीत. त्रोआच्या पुढे एका पंपावरून निघताना तिनेच वाचवलं. कसं, ते सासूबाईंनी तुम्हाला सांगितलंच असेल.

शाँबेरीत रात्री हॉटेलच्या खिडकीतून बर्फ पडताना दिसला. मुलं नाचली, माझ्या पोटात गोळा आला. वायपर उचलून ठेवले, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवली, काच धुण्याचं पाणी उणे वीस अंशांपर्यंत न गोठणारं भरलं होतंच. इंग्लंडमधलं डिझेल टाकीत अर्ध्यावर आणून वर जाण्याआधी तिथलं भरलं, कारण डोंगरातलं डिझेल थंडीत गोठू नये म्हणून वेगळं केलेलं असतं. सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी तुमच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करत होते, परीक्षेत करतात तशी.

मूतिए जेमतेम पाचशे मीटरवर, ले मेन्यूइर 1850 मीटरवर. सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांत एवढा चढ. वाटेतल्या सेंट मार्टिन गावाच्या वर निळी गोल पाटी आली, आत चेन लावलेलं चाक. पुढे पोलीस उभा, हाताने बाजूला घ्या म्हणत होता. मी बाजूला घेतली, डिकी उघडली, आणि चेन नव्हत्या.

म्हणजे होत्या. सगळ्यात खाली होत्या. "चेन सगळ्यात शेवटी भरायच्या म्हणजे सगळ्यात आधी निघतात," हे तुम्ही लिहून दिलं होतं. शाँबेरीत सकाळी सामान परत भरताना मीच त्या आधी टाकल्या आणि वर चार बॅगा रचल्या. नवऱ्याचा दोष नाही, माझाच. त्या रस्त्याच्या कडेला, बर्फात, आमचे कपडे, मुलांच्या टोप्या, सासूबाईंची शेकायची पिशवी असं सगळं बाहेर आलं. मुलं पिवळी जॅकेटं घालून कठड्याच्या आत उभी. ती जॅकेटं मात्र डिकीत नव्हती, सीटखाली होती, तुम्ही सांगितलेल्या जागी.

मग मी तुमचा फोम टाकून गुडघ्यावर बसले. चाकामागून कडं सरकवलं, वर जोडलं, मागे ढकललं, पुढचा आकडा लावला, ओढलं. हात आपोआप चालत होते. शेजारच्या गाडीतला एक गृहस्थ सूचनांचा कागद उलटासुलटा करत होता आणि कागद भिजून त्याच्या हातातच विरघळत होता. माझी दोन्ही चाकं झाली, पन्नासेक मीटर पुढे जाऊन थांबले, पुन्हा ताणलं. तुम्ही सांगितलेलं हे शेवटचं ताणणं मी घरी कधी नीट केलं नव्हतं, कंटाळा यायचा. तिथे केलं तेव्हा चेन बोटभर सैल निघाली. पन्नासच्या आत, दुसऱ्या गिअरमध्ये, पुढच्या गाडीपासून लांब राहून वर गेलो. सासूबाई पूर्ण रस्ताभर काही बोलल्या नाहीत. घराशी गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "या बाईंना एकदा जेवायला बोलव."

त्या आठवड्याचं फार सांगत नाही, फोटो दाखवलेच आहेत. मुलं स्कीच्या शाळेत सरकत्या पट्ट्यावरून वर जायची आणि पडत खाली यायची. धाकट्याला शेवटी बिल्ला मिळाला, तो अजून शर्टावर लावून झोपतो. सासूबाईंना चालणाऱ्यांचा पास मिळतो हे तुम्ही सांगितलं नसतंत तर त्या आठवडाभर खिडकीत बसल्या असत्या. त्या रोज दोरावरच्या पाळण्यातून वर जाऊन, उन्हात खुर्ची टाकून, लोक पडताना बघत होत्या.

तुमच्यासाठी तिथलं बोफोर चीज घेतलं होतं. निघायच्या आदल्या रात्री आठवलं की एप्रिल 2025 पासून युरोपातून ब्रिटनमध्येही दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. परतीच्या वाटेवर आम्हीच खाल्लं, तुमचं नाव घेऊन.

दिवा आणि हातमोजे धुऊन पिशवीत ठेवलेत. फोमच्या तुकड्याची एक कड चेनने फाटलीय. नवा आणणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, हाच द्यायचा. रविवारी चारला घेऊन येतो, सगळेच. गोगलगायी नंतर दाखवा.

तुमची,
दुसऱ्या आळीतली एक्सेलवाली