कमी चाललेली गाडी की नीट सांभाळलेली?

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि तिन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. तुझं मन त्या पांढऱ्या गाडीवर बसलंय हे पहिल्या दोन ओळींतच कळलं. नऊ वर्षांची गाडी आणि फक्त २२ हजार किलोमीटर रनिंग, म्हणजे जवळजवळ नवीच, असं तू लिहिलंयस. मला त्या ‘जवळजवळ नवीच’बद्दल जरा सविस्तर लिहायचंय. तोवर कृपा करून तिचा ॲडव्हान्स देऊ नकोस.

हिशेब करून बघ. नऊ वर्षांत २२ हजार म्हणजे दिवसाला सात किलोमीटरसुद्धा नाही. म्हणजे एकतर ती महिनोन्‌महिने उभी होती, नाहीतर रोज अगदी जवळच्या जवळ फिरत होती. दोन्ही गोष्टी गाडीला मानवत नाहीत. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि त्यातली थोडी इंजिन ऑइलपर्यंत पोहोचते. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालली की ऑइल चांगलं तापतं आणि ते पाणी उडून जातं. पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये ते तिथेच साचतं, ऑइल खराब होतं आणि पुढे त्याचा चिकट गाळ धरतो. डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असेल तर तोही छोट्या फेऱ्यांनी तुंबतो, कारण साठलेली काजळी जळायला गाडी चांगली तापून बराच वेळ पळावी लागते.

शिवाय गाडीतल्या कितीतरी गोष्टी किलोमीटरने नाही, वयाने जुन्या होतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून बहुतेक कंपन्या ते दोनेक वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी कितीही कमी चालली असली तरी. पाणी मुरलेलं ब्रेक ऑइल लवकर उकळतं आणि लांबच्या उतारावर पेडल एकदम मऊ पडतं. टायर, होज पाइप, ऑइल सील, सगळं रबर हळूहळू कडक होतं. इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा) असेल तर त्याला किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा असतात, जी आधी येईल ती धरायची. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. या गाडीत काय आहे ते आधी विचारून घे, आणि बेल्ट असेल तर तो बदलल्याचं बिल माग.

आता ती चंदेरी गाडी, जी तू ‘खूप पळालेली’ म्हणून बाजूला टाकलीस. सहा वर्षं, ८५ हजार, मालक एकच आणि सगळी बिलं फाइलला लावलेली. मी तुझ्या जागी असतो तर सगळ्यात आधी ती बघायला गेलो असतो. ‘हे मॉडेल चांगलं, ते वाईट’ ही चर्चा एका मर्यादेपर्यंतच कामाची. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या सहा वर्षांनी पार वेगळ्या झालेल्या असतात. तू मॉडेल विकत घेत नाहीयेस, आधीच्या माणसाने ती गाडी जशी वापरली ते विकत घेतोयस.

म्हणून ती फाइल निवांत बसून वाच. नुसते शिक्के मोजू नकोस. ऑइल किती अंतराने बदललंय, प्रत्येक बिलावरचा किलोमीटरचा आकडा मागच्यापेक्षा वाढत गेलाय का, मध्येच दोन वर्षं काहीच नोंद नाही असं झालंय का, ते बघ. मीटर मागे फिरवलेला असेल तर तो बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो. मग गाडीत बसून ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची वरची कड आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू बघ. २२ हजार चाललेल्या गाडीचं पेडल झिजून गुळगुळीत होत नाही.

टायरही बोलतात. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. पांढऱ्या गाडीचे टायर मूळचे असले तर नऊ वर्षांचं रबर आहे, नक्षी कितीही खोल दिसो, ते बदलायचा खर्च धरूनच चाल. नवे असले तर इतक्या कमी रनिंगला का बदलले ते विचार. ‘वय झालं म्हणून’ हे उत्तर उत्तमच, पण त्याचं बिल दिसायला हवं. आणि टायर एकाच कडेने झिजलेला असेल तर चाकांच्या अलाइनमेंटमध्ये किंवा सस्पेन्शनमध्ये काहीतरी आहे.

बघायला जाशील तेव्हा एक अट आधीच घाल: मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. मागे माझ्या मेव्हण्यासाठी आम्ही एक गाडी बघायला गेलो होतो. सकाळी लवकर पोहोचलो, बॉनेटवर हात ठेवला तर गरम. मालक म्हणाला, आत्ताच धुवून आणली. गाडी मस्त चालली, आवाज नाही, धूर नाही. तरी आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, या वेळी न सांगता. थंड इंजिनाला सेल्फ मारल्याबरोबर सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट आला आणि मिनिटभरात नाहीसा झाला. रात्रभरात व्हॉल्व्हच्या जुन्या सीलमधून ऑइल आत झिरपत होतं. गरम इंजिनावर हे आम्हाला कधीच कळलं नसतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. थंडीत थोडी पांढरी वाफ दिसली तर घाबरू नकोस, पण दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, इंजिनाच्या आत शिरून जळतंय. तिथून सरळ निघून ये.

बंपरला ओरखडे, दाराला एखादा पोचा, याचं मला काही वाटत नाही. वापरातली गाडी आहे, लागणारच. बघायचं ते सांगाड्याला मार बसलाय का. बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा, दोन्ही बाजूंच्या फटींमधला फरक, डिक्कीतल्या स्टेपनीखाली नवं वेल्डिंग किंवा भरलेली लांबी (पुट्टी), यांतून ते कळतं. सगळ्या काचांवर वर्षाची खूण असते, एखादीच वेगळी असेल तर का ते विचार. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. पुरात बुडालेल्या गाडीच्या बेल्टच्या आतल्या भागावर चिखलाचा डाग पुष्कळदा राहून जातो.

चालवून बघताना गाणी बंद ठेव आणि निदान अर्धा तास तरी चालव. बाकीचं तुला येतंच.

एवढं झाल्यावरही ओळखीच्या मेकॅनिकला दाखव, विकणाऱ्याच्या नव्हे. त्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी (एरर कोड) वाचणारं यंत्र, लावायला सांग. एरर कोड नसतील तर तेवढ्यावर थांबू नकोस, गाडीचा कॉम्प्युटर चालता चालता स्वतः करतो त्या तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही बघायला सांग. त्या अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसले असण्याची शक्यता असते किंवा बॅटरी काढलेली असते. चावी फिरवल्यावर इंजिनाचा आणि एअरबॅगचा दिवा आधी लागून मग विझायला हवा. जो दिवा लागतच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. सतरा अक्षरी चॅसी नंबर कागदांवर आहे तोच गाडीवर आहे ना, आणि गाडीवर कर्ज बाकी नाही ना, हे पैसे देण्याआधी स्वतः तपास.

सगळी रक्कम गाडीतच घालू नकोस. घेतल्या घेतल्या सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, जमलं तर बॅटरीही बदलून टाक, त्यासाठी काही पैसे बाजूला ठेव.

तिसऱ्या गाडीच्या मालकाने सर्व्हिसचा विषय दोनदा टाळला असं तूच लिहिलंयस, ती सोडून दे. चंदेरी गाडीच्या फाइलचे आणि दोन्ही गाड्यांच्या टायरवरच्या आकड्यांचे फोटो मला पाठव. रविवारी मी मोकळा आहे, तू वेळ ठरवलीस तर बघायला सोबत येतो. फक्त मालकाला बॉनेट थंड ठेवायला सांगून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश