हरलेल्या बूथवरून: मा. मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: मतमोजणीत प्रत्येक बूथचे उमेदवारनिहाय आकडे जाहीर न करण्याबाबत, आणि त्या निमित्ताने हरलेल्या मतदाराविषयी थोडेसे.

महोदय,

सविनय नमस्कार.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी मी ज्या उमेदवाराला मत दिले, तो २३ नोव्हेंबरला पडला. तो कोणत्या पक्षाचा होता की अपक्ष होता, हे मी इथे लिहिणार नाही. मत गुप्त ठेवण्याचा माझा हक्क हाच या पत्राचा विषय असल्यामुळे तो पहिल्याच परिच्छेदात सोडून देणे मला पटत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, निवृत्तीनंतर घरची कोरडवाहू शेती पाहतो. नोकरीत असताना निवडणुकीची ड्युटी चुकली नाही. मतपेट्यांवर लाख लावून मोहरा उमटवण्याच्या काळापासून ते यंत्राच्या मॉक पोलपर्यंत सगळे पाहून झाले आहे. मतदार म्हणूनही मी अनेकदा हरलेलो आहे. तेव्हा पराभवाची मला सवय आहे, असे मी समजत होतो आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे.

निकालाचे दिवस आमच्याकडे कापसाच्या वेचणीचे होते. सोयाबीनची सोंगणी आटोपलेली, हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला आणि बाजार त्याच्या खाली, अशा वेळी कोण जिंकले यापेक्षा वेचणीला बाया किती येतील याची चिंता शेतकऱ्याला जास्त असते. त्यामुळे हळहळ करीत बसायला सवड मिळाली नाही. तरी एक गोष्ट जाणवली. पराभवाचे दुःख माणसाला घरात होत नाही, ते चारचौघांत होते. आमच्या घरी कोणी कोणाला मत दिले हे विचारण्याची रीत नाही. सौभाग्यवतीचा उमेदवार बहुधा निवडून आला असावा, असा माझा अंदाज आहे, कारण त्या शनिवारी त्यांनी माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिले. त्याहून अधिक चर्चा झाली नाही आणि जेवण रोजच्यासारखेच झाले. गावातल्या कॅन्टीनवर मात्र चहा घ्यायला जाणे मी काही दिवस टाळले. व्हॉट्सॲपच्या एका गटातून बाहेर पडलो. वय झालेल्या माणसाला हे शोभत नाही असे एका विद्यार्थ्याने फोन करून सांगितले, ते बरोबरच होते, पण गटात मी परत गेलो नाही.

मनाची समजूत घालायला मला तीन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे त्याच वर्षीचा जून महिना. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा विदर्भातल्या दहापैकी सात जागा एका बाजूला गेल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूचे कार्यकर्ते माना खाली घालून फिरत होते; सहा महिन्यांच्या आत त्याच माणसांनी गुलाल उधळला. दुसरी गोष्ट आपलीच आहे. २०१९ मध्ये आपला पक्ष विधानसभेत सर्वांत मोठा ठरूनही आपल्याला विरोधी बाकांवर बसावे लागले, आणि २०२२ पर्यंत आपण विरोधी पक्षनेते म्हणून ते काम केले. निराशा म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही, असे मी गृहीत धरतो. तिसरी गोष्ट या दोहोंपेक्षा मोठी आहे. १९५२ मध्ये मुंबईत लोकसभेची निवडणूक हरल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये आमच्या विदर्भात, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि तिथेही हरले. ज्यांच्या अध्यक्षतेखाली संविधानाचा मसुदा तयार झाला, त्यांनाच त्या संविधानाखालच्या मतदाराने दोनदा नाकारले. त्यानंतर अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात जे घडले त्याला कोणत्याही मतमोजणीची गरज नव्हती. भंडाऱ्याच्या त्या निकालाची आठवण आमच्याकडे फारशी कोणी काढत नाही. मला ती अशा वेळी हटकून येते.

एवढ्यावर माझे समाधान व्हायला हरकत नव्हती आणि हे पत्रही लिहावे लागले नसते. परंतु निकालानंतर थोड्याच दिवसांत नमुना २० ची यादी लोकांच्या मोबाइलवर फिरू लागली.

शहरातल्या वाचकांना या यादीचे महत्त्व कदाचित कळणार नाही. नमुना २० म्हणजे मतदारसंघाच्या अंतिम निकालाचा तक्ता. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते ओळीने दिलेले असते. नागपूर किंवा अमरावतीच्या एखाद्या शाळेत पाच-सहा खोल्यांत पाच-सहा बूथ असतात, तिथे मत देणारी माणसे एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्या आकड्यांवरून कोणाच्या दारापर्यंत पोचता येत नाही. आमच्याकडे एक बूथ म्हणजे एक गाव असते. मोठे गाव असेल तर एक बूथ म्हणजे एक वस्ती, आणि कोणत्या वस्तीत कोणत्या समाजाची घरे आहेत हे सांगायला कोणी लागत नाही. ज्या बूथवर एखाद्या उमेदवाराला अकरा मते पडली आहेत तिथे ती अकरा माणसे कोण, याची यादी पानठेल्यावर संध्याकाळपर्यंत तयार होते. ती बरोबर असो की चूक, पुढची पाच वर्षे तीच चालते.

त्या निकालानंतर आमच्या गावाबद्दल एक वाक्य कानावर आले: “पांदण पाह्यजे होती ना, मंग बूथवर काहून नाही दाखवलं?” बोलणारा कार्यकर्ता फार मोठा नव्हता आणि त्याच्या शब्दावर शेताकडे जाणारा पांदण रस्ता होणार किंवा अडणार होता असेही नाही. असे बोलणारे लोक मी सर्व पक्षांत पाहिले आहेत. ज्याच्याकडे सत्ता येते त्याच्या माणसांना ही यादी वाचता येऊ लागते, एवढाच फरक. पण त्या वाक्यानंतर गावातली माणसे काय करू लागली ते मी पाहिले. ज्यांनी जिंकलेल्या उमेदवाराला मत दिले होते ते ते मोठ्याने सांगू लागले, ज्यांनी दिले नव्हते तेही तसेच सांगू लागले, आणि सगळ्यांनी सांगितलेल्या मतांची बेरीज केली तर ती बूथच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त झाली असती. पराभवाने माझे मन खट्टू झाले होते. हे पाहून ते विटले. हरलेल्या माणसाने हार मान्य करावी, ही अपेक्षा रास्त आहे. आपण हरलोच नाही असे सोंग त्याला घ्यावे लागणे, ही निराळी गोष्ट आहे.

हे पूर्वी असे नव्हते. कागदी मतपत्रिकांच्या काळात मी मोजणीच्या कामावर होतो तेव्हा निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळल्या जात आणि मगच उमेदवारांचे गठ्ठे बांधले जात. कोणत्या गावाने कोणाला किती मते दिली हे मोजणाऱ्यालाही कळू नये, यासाठीच ते होते, आणि १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या नियम ५९-अ मध्ये त्याची तरतूद आहे. यंत्रे आल्यावर ही गोष्ट गळून पडली, कारण यंत्र आपल्यापुरताच निकाल दाखवते. त्यावर उपायही निघाला होता. चौदा यंत्रे एकत्र जोडून फक्त एकूण बेरीज दाखवणारे टोटलायझर नावाचे उपकरण तयार झाले, ते वापरता यावे म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये नियमबदलाचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवला, आणि विधी आयोगाने मार्च २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र नकार दिला. बूथनिहाय आकड्यांमुळे आपण कुठे कमी पडलो हे पक्षांना कळते आणि तिथे अधिक काम करता येते, असे कारण सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले.

हे कारण वाचल्यावर मला थोडे हसू आले, हे नम्रपणे सांगतो. मते कमी पडली म्हणून एखाद्या गावात जास्त काम झाल्याचे उदाहरण आमच्या भागात कोणाला माहीत असेल तर त्याने ते अवश्य कळवावे. २०१९ च्या लोकसभा प्रचारात उत्तर प्रदेशातल्या एका उमेदवाराने तर मतांच्या टक्केवारीवरून गावांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून कामे त्याच क्रमाने होतील असे जाहीर सभेत सांगितले होते आणि आयोगाला त्याबद्दल समज द्यावी लागली. आयोगाची समज जाहीर बोलण्यापुरती असते. न बोलता जी प्रतवारी होते, तिला आवर घालायचा तर यादीच बदलावी लागेल.

याच्या विरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. बूथनिहाय आकडे लपवले तर यंत्रांवरचा संशय आणखी वाढेल, असे माझ्या बाजूचेच अनेक जण म्हणतात. विधानसभेच्या निकालानंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावचा आकडा पटला नाही म्हणून ३ डिसेंबरला मतपत्रिकांवर चाचणी मतदान घ्यायचे ठरवले होते आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. त्या गावकऱ्यांकडे बूथचा आकडा नसता तर त्यांना शंकाही मांडता आली नसती, हे खरे आहे. पण केंद्रावर एकूण किती मतदान झाले हा आकडा मतदान संपताच नमुना १७ सी मध्ये उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळतो, तो पूर्वीसारखाच मिळत राहावा. चौदा केंद्रांच्या त्या आकड्यांची बेरीज आणि टोटलायझरची बेरीज जुळली पाहिजे, हे तपासणे अवघड नाही. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या छापील चिठ्ठ्या प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांवर मोजतात, त्या पाचांचे आकडे उघड होतील, पण ती केंद्रे चिठ्ठी टाकून निवडलेली असतात आणि त्यात कोणाचा डाव नसतो. पडताळणी वाढवायची असेल तर जरूर वाढवावी. एखाद्या केंद्राबद्दल गंभीर तक्रार आली तर न्यायालयाच्या आदेशाने तेवढ्या केंद्राचा आकडा उघडता येईल. मतांची खातरजमा व्हावी आणि मतदार उघडा पडू नये, या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, असे निवडणुकीच्या कामात आयुष्य गेलेला माणूस म्हणून माझे मत आहे.

नियम बदलणे केंद्राच्या हाती आहे, हे मी जाणतो. तरीही महाराष्ट्र सरकारने शिफारस केली तर तिचे वजन पडेल. शिवाय जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकांचे कायदे राज्याचे आहेत. राज्य निवडणूक आयोगाची स्वायत्तता सांभाळून, त्याच्याशी विचारविनिमय करून तिथे ही पद्धत आधी आणता येईल. जिल्हा परिषदेच्या एका गटात अनेक बूथ असतात, त्यामुळे मिसळण्याला अर्थ आहे. (ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तो उरत नाही, तिथे देवच राखणारा.) या निवडणुका मुदतीत व्हाव्यात, हेही इथेच सांगतो. अमरावती, यवतमाळ, वर्धा यांसारख्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिले. हरलेल्या मतदाराला मन सावरायला पुढच्या निवडणुकीसारखे दुसरे औषध नाही, आणि तेच जर मिळत नसेल तर तो चिडतो किंवा मतदानच सोडतो. आमच्या गावात दोन्ही प्रकारची माणसे आहेत.

तोवर एक काम आपल्या एका परिपत्रकाने होण्यासारखे आहे. आमदारांना स्थानिक विकास निधीतून वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. कोणत्या गावाने कोणते काम मागितले, कोणते मंजूर झाले, कोणते का नाकारले, याची गावनिहाय यादी दरवर्षी तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा आदेश द्यावा. पांदण रस्त्यांनाही तोच नियम असावा. मग नकाराचे कारण लिहून द्यावे लागेल आणि “बूथवर दाखवलं नाही” हे कारण कोणताही अधिकारी कागदावर लिहू शकणार नाही.

५ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर आपण शपथ घेतली, ती मी टीव्हीवर ऐकली. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना तिचा मसुदा मी मुलांकडून वाचून घेत असे, त्यामुळे “कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता” हे शब्द येईपर्यंत मी चहाचा कप खाली ठेवून थांबलो होतो. आपण ते स्पष्ट उच्चारले. त्या शब्दांचा आधार घेऊनच हे पत्र लिहिले आहे.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात या मागणीचे रीतसर निवेदन मी आपल्या कार्यालयात आणून देईन. आमच्या मतदारसंघाच्या आमदारांनाही त्याची प्रत देणार आहे. मी त्यांना मत दिले होते की नाही, हे त्यांनी विचारू नये, एवढी विनंती आपल्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोचावी.

आपला विश्वासू,
एक मतदार आणि निवृत्त शिक्षक,
यवतमाळ जिल्हा